बास क्लॅरिनेटचे वरचे सूर चिरकतात तेव्हा: कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलामुलींपैकी एखाद्याला शिक्षक एके दिवशी बास क्लॅरिनेट देऊ करतात. हे साध्या क्लॅरिनेटचे मोठे, खालच्या सुरांचे भावंड. वाद्य भारदस्त असते, पहिले दोन आठवडे खालचे सूर सहज लागतात आणि घरातले सगळे कौतुकाने ऐकतात. मग वरच्या सुरांचे पान उघडते आणि दर ओळीला एक तीक्ष्ण किंचाळी ऐकू येऊ लागते. मूल म्हणते वाद्य खराब आहे, शिक्षक म्हणतात सराव कमी पडतो, आणि आईवडील रीडचा, म्हणजे फुंकीने थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्यांचा, नवा डबा मागवतात.

मी या सगळ्यातून वयाच्या चाळिशीनंतर गेले. साधे बी फ्लॅट क्लॅरिनेट मी बरीच वर्षे वाजवत होते. गावातल्या कम्युनिटी बँडमध्ये बास वाजवणारे कोणी नव्हते म्हणून ते माझ्याकडे आले, आणि जवळजवळ सात महिने मी चुकीच्या ठिकाणी कारण शोधत राहिले. त्या काळात मी चार प्रकारच्या रीड आणि एक नवे लिगेचर (रीडला माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बांधणारा पट्टा) विकत घेतले, वाद्य दुरुस्तीलाही देऊन आणले, आणि यापैकी कशाचाही उपयोग झाला नाही. हे लिहिण्याचा उद्देश एवढाच आहे की तुमचे सात महिने वाचावेत. वाद्य नेमक्या कोणत्या सुरावर चिरकते आणि चिरकून कोणत्या सुरावर जाते, हे नीट ऐकले तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी ऐकण्याचे आणि लिहिण्याचे काम करावे.

खाली जिथे सुरांची नावे येतात तिथे ती ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेषांवरच्या नेहमीच्या मांडणीत, लिहिलेल्या बासच्या पानावरची आहेत, प्रत्यक्ष ऐकू येणारी नाहीत. बास क्लॅरिनेटचा ऐकू येणारा सूर या लेखी सुरापेक्षा एक सप्तक अधिक एक पूर्ण स्वर इतका खाली असतो.

हाताशी ठेवण्याच्या वस्तू

वही आणि पेन्सिल, ट्यूनर, आवाज आणि चित्र दोन्ही टिपणारा फोन, छोटी विजेरी, बासच्या मापाचा, नळी आतून पुसण्यासाठी ओढून काढायचा सुती स्वॅब, कॉर्क ग्रीस, पारदर्शक चिकटपट्टी, आणि अतिशय पातळ कागदाची बोटभर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी. सिगारेट वळण्याचा कागद यासाठी उत्तम. पतंगाचा कागदही चालतो. वाद्य शाळेचे किंवा भाड्याचे असेल तर भाडेकराराची प्रत काढून ठेवा, कारण पुष्कळ करारांत दुरुस्तीचा खर्च समाविष्ट असतो आणि ते कलम कोणी वाचलेलेच नसते. स्क्रूड्रायव्हर मी या यादीत मुद्दाम घातलेला नाही.

१. चिरकण्याची जागा लिहून काढा

सनई किंवा बासरी त्याच बोटांनी जोर देऊन फुंकली की सा च्या जागी वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटच्या घराण्याचा स्वभाव वेगळा आहे. याची नळी सरळ, एकसारख्या व्यासाची आणि एका टोकाला रीडने बंद असल्यामुळे तिच्यात विषम क्रमांकाचे स्वनक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे सूर, प्रबळ असतात. परिणामी वर उडी घेतली की वरचा सा लागत नाही, तर त्याही वरचा पंचम लागतो. लेखी खालच्या ई ची बोटे धरून डाव्या अंगठ्याने रजिस्टर चावी (सूर वरच्या टप्प्यात नेणारे भोक उघडणारी) दाबली की पाच रेषांपैकी मधल्या रेषेवरचा बी येतो, तो याच कारणाने. त्याच्यापुढची उडी पाचव्या स्वनकाची, म्हणजे मूळ सुरापासून दोन सप्तके वरच्या शुद्ध गंधाराच्या जवळपासची असते. खालचा टप्पा पहिल्या स्वनकाचा, मधला तिसऱ्याचा आणि सर्वांत वरचा मुख्यतः पाचव्याचा, असे हे तीन टप्पे आहेत. चिरकणे म्हणजे बहुतेक वेळा वाद्याने तुम्ही न मागता पुढच्या टप्प्यावर घेतलेली उडी.

आता मधल्या रेषेवरच्या बी पासून वर, पाच रेषांच्या वरच्या दोन जादा रेषांवरच्या सी पर्यंत, एकेक सूर चार मात्रा धरून हळू वाजवा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक नोंद करा: सूर वर उडाला, खालून घुरघुरला, की उशिरा लागला. वर उडणे आणि खालून घुरघुरणे या दोन तक्रारींना सगळेजण एकाच शब्दाने ओळखतात, पण त्यांची कारणे साधारणपणे उलट असतात. घुरघुर म्हणजे खालचा टप्पा सुटत नाही. तिथे रजिस्टर चावीचे भोक उघडत नसेल, त्यात पाणी अडकले असेल किंवा फुंक फार सैल असेल. वर उडणे म्हणजे कुठेतरी नको असलेले भोक उघडे आहे, रीडवर दात आवळले जात आहेत किंवा रीड वाकडी आहे. सूर कुठे उडाला ते ट्यूनरवर पाहा. चौथ्या रेषेवरचा डी वाजवताना वाद्य सतत वरच्या बी च्या आसपास उडत असेल, तर पाचवी पायरी आधी वाचली तरी चालेल.

हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच सुरांच्या गटावर रोज तीच तक्रार दिसत असेल तर दोष वाद्याच्या यंत्रणेत किंवा एखाद्या बोटाच्या सवयीत असतो. तक्रार रोज जागा बदलत असेल तर रीड, ओठ आणि फुंक यांच्याकडे वळा.

२. जोडणी तपासा

बासचे धड दोन भागांचे असेल तर त्या दोन भागांना जोडणारे पूल, म्हणजे एकमेकांवर टेकणारे चाव्यांचे दांडे, अगदी समोरासमोर आले पाहिजेत. साध्या क्लॅरिनेटला असा एक पूल असतो. बासला एकाहून अधिक असतात आणि मिलिमीटरभर फरकही वरच्या सुरांत ऐकू येतो. जोडताना ज्या चाव्या दाबल्या की पुलाचा वरचा दांडा उचलला जातो त्या दाबून ठेवा आणि धड पुढे-मागे थोडे थोडे फिरवत बसवा. ज्या वाद्यांत रजिस्टर चावीचे भोक नेकवर, म्हणजे माउथपीस आणि धड जोडणाऱ्या वाकड्या नळीवर, असते तिथे नेकही तितक्याच काळजीने सरळ बसवावी लागते, कारण धडावरचा दांडा नेकवरच्या चावीला नीट टेकला नाही तर ते झाकण अर्धेच उघडते. कॉर्क कोरडे असल्यामुळे जोर लावून जोडणाऱ्यांच्या हातून हे दांडे वाकतात. कॉर्क ग्रीसचा खरा उपयोग इथे आहे.

३. हवेची गळती शोधा

वरच्या सुरांची तपासणी खालून सुरू होते. सगळी भोके बंद करून लेखी खालचा ई अगदी हळू, नेहमीच्या हलक्या बोटांनी वाजवा. तो लागत नसेल, किंवा झाकणे घट्ट आवळल्यावरच लागत असेल, तर गळती आहे, आणि ती असेपर्यंत वरच्या टप्प्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. मधल्या रेषेवरच्या बी ला हीच बोटे लागत असल्यामुळे नळीभर कुठेही असलेली गळती त्या एका सुरावर जमा होते.

गळतीची जागा कागदाच्या पट्टीने सापडते. पट्टीचे टोक पॅड (झाकणाखालची मऊ गादी) आणि भोकाची कड यांच्यामध्ये ठेवा, चावी नेहमीच्याच दाबाने मिटा आणि कागद हळू ओढा. पॅडच्या चारही बाजूंना हे करा. तीन बाजूंना कागद धरला गेला आणि चौथ्या बाजूने अलगद निसटला, तर हवा तिथूनच जाते. अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत विजेरी सोडली तरी मोठ्या गळतीची फट दिसते, पण कागद अधिक भरवशाचा.

दोन जागा मी नेहमी आधी बघते. पहिली म्हणजे सर्वांत खालची मोठी झाकणे: ती लांब दांड्यांवर असतात, वाद्य गाडीच्या डिकीत आडवे ठेवताना किंवा पेटीत घाईने कोंबताना तीच दाबली जातात. दुसरी जागा वरच्या भागात, डाव्या तर्जनीच्या ए चावीखाली आहे. या चावीवर एक बारीक स्क्रू असतो आणि तो शेजारच्या जी शार्प चावीवर टेकतो. तो गरजेपेक्षा जास्त आत गेला असेल तर जी शार्पचे झाकण केसाइतके उघडे राहते, खालच्या टप्प्यात फारसे काही जाणवत नाही आणि वरचे सूर मात्र फुटू लागतात. तपासण्याची रीत सोपी आहे: तुम्ही वाजवत असताना दुसऱ्या कोणीतरी जी शार्पचे झाकण बोटाने हलकेच दाबून धरावे. त्याबरोबर सूर स्थिरावले तर कारण सापडले. वाद्य शाळेचे असेल तर स्वतः स्क्रू फिरवू नका. ही माहिती लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत ती लागणार आहे.

४. रजिस्टर चावीची दोन भोके ओळखा

एकच भोक सगळ्या सुरांना सारखे उपयोगी पडत नाही. सूर तिसऱ्या स्वनकावर सहज जावा यासाठी भोक त्या सुराच्या नळीच्या साधारण एक तृतीयांश लांबीवर हवे, आणि प्रत्येक सुराची नळी वेगळ्या लांबीची असते. छोट्या क्लॅरिनेटवर एका जागेची तडजोड निभावते. बासच्या लांब नळीवर ती जड जाते. बेल्जियन वाद्यकार अडॉल्फ साक्स यांनी १८३८ मध्ये ब्रुसेल्स येथे बास क्लॅरिनेटची नवी रचना केली, तेव्हा त्यांनी अचूक जागी मोठी भोके पाडली आणि रजिस्टरसाठी दुसरे भोकही दिले, ते याच अडचणीपायी. आजच्या चांगल्या वाद्यांत ही अदलाबदल आपोआप होते. उजवी अनामिका खाली असली, म्हणजे बी पासून ई फ्लॅटपर्यंत, नळीतले खालचे भोक उघडते. अनामिका उचलून ई वर गेलात की खालचे मिटते आणि वरचे उघडते. साध्या विद्यार्थी वाद्यांपैकी पुष्कळांना एकच भोक असते, आणि अशा वाद्यावर काही सूर मुळातच थोडे हट्टी असतात हे शिकणाऱ्या मुलाला मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

दोन भोकांचे वाद्य असेल तर न वाजवता तपासा. वाद्य मांडीवर घ्या, अंगठ्याने रजिस्टर चावी दाबून ठेवा आणि उजव्या अनामिकेचे झाकण दाबा-सोडा. दोन पॅड आळीपाळीने उघडताना दिसले पाहिजेत. दोन्ही एकदम अर्धवट उघडी राहत असतील, किंवा एक झाकण आळसावल्यासारखे उशिरा मिटत असेल, तर डी ते ई हा टप्पा ओलांडताना सूर फुटणारच. वहीतली नोंद इथे उपयोगी पडते: बी ते ई फ्लॅट खराब आणि ई पासून पुढे स्वच्छ, किंवा याच्या बरोबर उलट, असे दिसत असेल तर या यंत्रणेवर संशय घ्यावा.

वाजवताना मध्येच घुरघुर सुरू झाली तर बहुधा भोकात पाणी आले आहे. थंड खोलीत श्वासाची वाफ नेकच्या वळणात गोळा होते आणि तिथून ओघळते. नेक काढून पाणी ओतून टाका, आणि पॅड आणि भोक यांच्यामध्ये टिपकागद ठेवून दोन-तीनदा मिटा. स्वॅब ओढताना तो या भोकाच्या आत डोकावणाऱ्या नळीला अडकू शकतो, म्हणून त्याला गाठ किंवा घडी पडलेली नाही ना हे दर वेळी बघा.

५. डाव्या तर्जनीखालचे बारीक भोक

माझे सात महिने इथे गेले, म्हणून ही पायरी मी सविस्तर लिहिते आहे.

साध्या क्लॅरिनेटवर डाव्या तर्जनीखाली उघडे भोक असते आणि सर्वांत वरच्या टप्प्यात जाताना ते बोट सरळ उचलतात. बासवर त्या जागी झाकण असते आणि बहुतेक वाद्यांत त्या झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढे एक भोक असते. नेहमी बोटाने ते झाकून ठेवायचे, आणि लेखी सी शार्पपासून वर जायचे असेल तेव्हा बोट किंचित खाली गुंडाळून तेवढेच भोक उघडायचे. म्हणजे हे भोक पाचव्या स्वनकाचे दार आहे. मधल्या टप्प्यात वाजवताना ते चुकून उघडे राहिले तर वाद्य तुमची आज्ञा पाळून वरच्या टप्प्यात जाते, आणि आपण त्याला चिरकणे म्हणतो.

माझ्या शेजारी बसणारे निवृत्त बँडशिक्षक एका तालमीनंतर म्हणाले, "तुमच्या ओठांकडे सगळ्यांनी पाहिले असेल, आज हाताकडे पाहू." त्यांनी माझ्या डाव्या हाताचे अगदी जवळून चित्रण केले आणि ते संथ करून दाखवले. दुसऱ्या रिकाम्या जागेतला ए वाजवताना माझी तर्जनी ए चावीवर जात होती आणि तिथून मधल्या रेषेवरच्या बी वर परतताना ती झाकणाच्या वरच्या कडेवरच थबकत होती. झाकण पूर्ण मिटलेले होते, म्हणून बोटाला सगळे बरोबर वाटत होते. पण बोटाच्या मांसल भागाखालून ते टाचणीएवढे भोक अर्धे बाहेर डोकावत होते. वीस वर्षांच्या साध्या क्लॅरिनेटच्या सवयीने बोट जिथे टेकायचे तिथेच ते टेकत होते.

हा दोष तुमच्यात आहे का, हे दोन मिनिटांत कळते. त्या बारीक भोकावर पारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा आणि नेहमी अडणारा भाग वाजवा. चिरकणे थांबले तर रीड, माउथपीस आणि पॅड यांची काळजी सोडा, कारण दोष तर्जनीत आहे. पट्टी लावलेली असताना सर्वांत वरचे सूर लागणार नाहीत, पण मधल्या टप्प्याचे काही बिघडत नाही.

उपाय असा. ए वाजवताना तर्जनी उचलून चावीवर नेऊ नका. बोटाची बाजू वापरून ते चावीवर कलते करा आणि तसेच परत लोळवत आणा, म्हणजे टोक झाकणापासून लांब जातच नाही. एफ शार्प-ए-एफ शार्प-ए असे अतिशय सावकाश वाजवा आणि परतताना दर वेळी बोटाच्या त्वचेला भोकाची कड जाणवते का ते पाहा; ती जाणवली की बोट जागेवर आहे. मग पट्टी काढून ए-बी, ए-सी, ए-डी या जोड्या घ्या. ए वाजत असतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटे आधीच खाली ठेवली तर ओलांडताना एकदम सगळी बोटे पडण्याचा गोंधळ टळतो. रोज दहा मिनिटे केल्यास तीन आठवड्यांत माझी सवय बदलली.

६. रीड आणि माउथपीस

रीडला आपल्याकडे जितका दोष दिला जातो तितका तिचा नसतो, तरीही ती वगळता येत नाही. सनईवाले जिव्हाळीला जसे जपतात तसेच इथेही जपावे लागते. साध्या क्लॅरिनेटवर ज्या क्रमांकाची रीड वापरता त्याहून अर्ध्या क्रमांकाने मऊ रीडपासून बासवर सुरुवात करा. शिकणाऱ्याला २ किंवा २½, सरावलेल्याला २½ ते ३ पुरते. फार कठीण रीड वाजवण्यासाठी जबडा आवळला जातो आणि चिरकणे वाढते, तर फार मऊ रीड वर गेल्यावर मिटते. बासची रीड मिळत नसेल तर टेनर सॅक्सोफोनची रीड बसवून पाहणारे वादकही आहेत, कारण मापे जवळपास आहेत.

हिवाळ्यात घरातले हीटर हवा कोरडी करतात आणि रीडच्या टोकाला लाटा पडतात. डोळ्यांसमोर आडवी धरली की त्या दिसतात. अशी रीड पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून काचेवर अंगठ्याने सपाट करा, मगच लावा. मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांना पावसाळ्यात उलटा त्रास होतो: रीड वाळतच नाही आणि तिच्यावर काळी बुरशी धरते. ती फेकून द्यावी. लावताना रीडचे टोक माउथपीसच्या टोकाशी मिळालेले आणि दोन्ही बाजूंना अंतर सारखे हवे. बासची रीड रुंद असल्यामुळे ती तिरकी बसल्याचे पटकन लक्षात येत नाही. माउथपीसच्या टोकाला टवका उडालेला असेल तर कोणताही उपाय लागू पडत नाही, तो बदलावा लागतो.

७. बैठक

बास क्लॅरिनेटचा माउथपीस तोंडात साध्या क्लॅरिनेटच्या मानाने पुष्कळ आडवा येतो. खालचा पेग, म्हणजे वाद्य जमिनीवर टेकवणारा दांडा, अशा उंचीवर बसवा की मान सरळ ठेवून बसल्यावर माउथपीस आपणहून ओठांपाशी यावा. हनुवटी वर करावी लागत असेल तर पेग उंच आहे, मान झुकवावी लागत असेल तर तो कमी आहे. लहान मुलांच्या बाबतीत पेग एकदा लावून वर्षभर तसाच राहतो आणि मूल तेवढ्यात चार बोटे वाढते. दर दोन महिन्यांनी बघत जा.

८. ओठ, जीभ आणि फुंक

वाद्य निर्दोष ठरले असेल तरच इथे या. खात्री करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शिक्षकांना किंवा बासच्या एखाद्या सरावलेल्या वादकाला तुमचे वाद्य त्यांच्या स्वतःच्या माउथपीसने वाजवायला देणे. त्यांच्या हातात ते स्वच्छ वाजले तर पुढचे काम आपले आहे.

साध्या क्लॅरिनेटवरून येणारे बहुतेक जण माउथपीस फार कमी तोंडात घेतात आणि फार जोरात धरतात. किती घ्यावा याचे माप काढा: रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये पातळ कागद सरकवा, तो जिथे अडतो तिथे रीड माउथपीसपासून सुटायला सुरुवात होते, आणि खालचा ओठ साधारण तिथे टेकला पाहिजे. पेन्सिलने रीडवर हलकी खूण करा. पहिल्यांदा इतका माउथपीस तोंडात घेताना घशाशी आल्यासारखे वाटते. दोन दिवसांत सवय होते. पकड ओठांच्या कडांनी, सगळीकडून सारखी असावी आणि खालचा जबडा सैल राहावा. दाबाने सूर वर नेता येतो हा समज बासवर पहिल्याच दिवशी सोडावा लागतो, कारण बासची रीड दाबली की ती मिटते किंवा फाटक्या आवाजात उडते.

सूर वर नेण्याचे काम जीभ आणि फुंक करतात. तोंड न हलवता मनात 'ऑ' पासून 'ऊ' आणि मग 'ई' म्हणा. जिभेचा मागचा भाग हळूहळू उचलला जातो आणि हवेची वाट अरुंद होऊन ती वेगाने जाते. खालच्या टप्प्याला 'ऑ', मधल्या टप्प्याला 'ऊ' कडे झुकणारी आणि सर्वांत वर 'ई' कडे जाणारी जीभ, असा माझा अनुभव आहे. मधल्या टप्प्यातच 'ई' पर्यंत जीभ नेली तर सूर वर उडतो. साध्या क्लॅरिनेटवर खपून जाणारी ही घाई बासवर खपत नाही.

याचे दोन सराव मी आजही रोज करते. पहिला: खालचा जी लांब धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी, तुम्हाला न सांगता, रजिस्टर चावी दाबायला सांगा. चौथ्या रेषेवरचा डी न अडखळता, ओठ न हलता लागला पाहिजे. घरातले कोणीही हे काम करू शकते. लहान भावंडांना ते फार आवडते. दुसरा सराव उलट दिशेचा आहे: डी लागला की अंगठा रजिस्टर चावीवरून काढा आणि केवळ जीभ-फुंकीच्या जोरावर डी तसाच टिकवून धरा. तो खाली कोसळला तर हवा कमी आहे, वर उडाला तर जबडा आवळलेला आहे. चार मात्रा टिकू लागला की मधल्या टप्प्यातले चिरकणे जवळजवळ नाहीसे होते, असे मी स्वतःवर आणि बँडमधल्या दोन मुलांवर पाहिले आहे.

सुरुवातीला सूर जिभेच्या आघाताने काढू नका, 'हू' अशा फुंकीने काढा. फुंकीने स्वच्छ लागतो आणि आघाताने चिरकतो, असे असेल तर जीभ रीडवर फार जोरात किंवा टोकापासून फार आत लागत आहे.

९. सर्वांत वरचा टप्पा

सी शार्पपासून पुढे जाण्याची घाई करू नका, पण गेलात तर भीती बाळगू नका. चौथ्या मोकळ्या जागेतला ई धरा आणि बाकी काहीही न बदलता डावी तर्जनी गुंडाळून ते बारीक भोक उघडा. वरचा सी शार्प येईल. एफ वरून तसेच केल्यास डी, जी वरून केल्यास ई. ही पाचव्या पायरीतलीच उडी आहे, फक्त आता ती तुमच्या इच्छेने होते. काही वाद्यांवर उजव्या करंगळीची ई फ्लॅट चावी उघडल्यास हे सूर ट्यूनरवर अधिक नीट बसतात. हा टप्पा केवळ प्रदर्शनासाठी आहे असे कोणी म्हणाले तर अमेरिकन जॅझ वादक एरिक डॉल्फी (१९२८–१९६४) यांचे बास क्लॅरिनेट ऐकवा. खालच्या सुरावरून थेट सर्वांत वर झेप घेणारी त्यांची वाक्ये ऐकून मला पहिल्यांदा कळले की हे वाद्य किती दूरवर बोलू शकते.

१०. दुरुस्तीला देताना

गळती, वाकलेला दांडा किंवा रजिस्टर यंत्रणेतला दोष सापडला तर वाद्य दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि शक्यतो बास क्लॅरिनेटची सवय असलेल्याकडे द्या. "वर चिरकते" एवढेच सांगून दिलेले वाद्य पुष्कळदा तसेच परत येते; माझे तसेच आले होते. बरोबर एक चिठ्ठी द्या. तिच्यात कोणते सूर बिघडतात, ते वर उडतात की खालून घुरघुरतात, उडून कुठे जातात, कागदाची पट्टी कोणत्या झाकणाच्या कोणत्या बाजूने निसटली, जी शार्पचे झाकण दाबल्यावर फरक पडला का, दोन्ही रजिस्टर पॅड आळीपाळीने उघडतात का, आणि वाद्य अलीकडे पडले किंवा आपटले आहे का, हे लिहा. नेक आणि माउथपीसही सोबत द्या.

परत आणायला जाताना वाजणारी रीड घेऊन जा आणि दुकानातच बसून तपासा: हलक्या बोटांनी खालचा ई, त्याच बोटांनी रजिस्टर चावी दाबून बी, मग डी वरून ई आणि ई वरून डी चार-पाच वेळा न थांबता, आणि शेवटी दोन जादा रेषांवरचा सी लांब धरून. डी-ई मध्ये एकदा जरी सूर फुटला तरी वाद्य पेटीत ठेवू नका. तिथल्या तिथे दाखवा.